लक्ष इकडे, बाळांनो

तळं रोज थोडं थोडं मागे सरकत होतं. आजोबा सकाळी काठावर जाऊन उभे राहत, तेव्हा काल जिथे घोटे भिजले होते तिथे नुसता चिखल असे. परवाच्या चिखलाला भेगा पडून त्याच्या कडा जुन्या चपलेच्या तळव्यासारख्या वर वळलेल्या असत. तळ्यात बदकं असती तर हे इतकं डोळ्यांत भरलं नसतं. बदकं पाणी हलतं ठेवतात, आणि हलणारं पाणी माणसाला जास्त वाटतं.

हिवाळ्यात रोग आला आणि सगळा कळप गेला. आजोबांनी आणि सुनेने मिळून खड्डा खणला आणि बुजवला. तेव्हापासून खुराड्याचं दार उघडंच होतं. वाऱ्याने ते आपटलं की आजोबा दर वेळी मान वळवून बघत.

त्याच हिवाळ्यात त्यांचा घसाही गेला. आत गाठ झाली होती, डॉक्टरांनी ती काढली. आता थोडं थोडं बोलायला हरकत नव्हती, पण जे यायचं तो आवाज नव्हता, नुसता वारा होता, दाराच्या फटीतून येतो तसा. हाक मारायची तर बंदीच. आणि बदकवाल्याचं सगळं कसब हाकेत असतं. काठी असते, काठीच्या टोकाला चिंधी असते, पण ती कडेच्या दोनचार उनाड बदकांसाठी. कळप चालतो तो हाकेवर. सकाळी हाक मारली की पाण्यात उतरायचं, संध्याकाळी मारली की घरी यायचं.

"थीऽऽ थी थी थी, आवोऽऽ."

आजोबांची ही हाक आता फोनमध्ये होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी नातीनेच ती भरून घेतली होती. "मोठ्याने मारा, आजोबा. लाजता काय?" असं म्हणून तिने त्यांना तळ्याकाठी उभं केलं होतं. नातीला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी म्हणून टिकायची नाही, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा, त्यावरून पडलेलं नाव. आता ती चौदा वर्षांची झाली होती आणि तासन् तास हलत नसे. नाव मात्र तेच राहिलं.

फोन तिच्या बापाचा जुना. बाप लांब खाणीवर कामाला गेला तेव्हा घरी ठेवून गेला होता. शाळेच्या बाईंकडे दोन गावं होती, त्यामुळे निम्मे दिवस त्या इकडे, निम्मे दिवस तिकडे, आणि ज्या दिवशी बाई नसतील त्या दिवशीचे धडे फोनवर. त्या धड्यांत एक सर होते. दिसायचे फक्त त्यांचे हात, खडू धरलेले. आवाज गोड आणि भरदार. प्रत्येक धड्याची सुरुवात ठरलेली: "लक्ष इकडे, बाळांनो! लक्ष इकडे!"

"आमच्या सरांना तोंडच नाही," भिंगरी सांगायची.

"बरं आहे," तिची आई म्हणायची. "म्हणजे तुझं उष्टं तोंड त्यांना दिसत नाही."

*

उन्हाळा लागता लागता सुनेच्या भावाने अंडी पाठवली. भाताच्या तुसात खोल पुरून, टोपलीच्या तोंडाला फडकं शिवून, मोटारीच्या टपावर ठेवून. ही बदकं अंड्यांवर बसत नाहीत, त्यांना तेवढा धीर नसतो. म्हणून ऊब माणसानेच द्यायची. आजोबा अंगणात तूस पसरून उन्हात तापवत आणि सून ते टोपलीत थरावर थर घाली. तूस, अंडी, तूस, अंडी, वर गोधडी. अंडं गालाला लावून बघायचं. गालाला सुखाची वाटेल तेवढी ऊब हवी, चटका नको. सून अंडं गालाला लावून डोळे मिटायची, आणि कामाने रापलेला तिचा चेहरा तेवढ्यापुरता लहान मुलीसारखा दिसायचा.

अंडी फुटायच्या आधीचे काही दिवस महत्त्वाचे. तेव्हा अंडी हलवायची नाहीत, कोमट पाणी शिंपडायचं आणि त्यांच्याशी बोलायचं. आजोबांच्या घरात ही रीतच होती. पिल्लू आतून ऐकतं. बाहेर आल्यावर ते त्याच आवाजामागे चालतं, मग जन्मभर चालतं. म्हणून एकाने टोपलीशी बसायचं आणि हाक मारायची. मग थांबायचं. थांबलं की आतून बारीकसं उत्तर येतं, नखाने काच खाजवल्यासारखं. ते आलं की पुन्हा हाक.

इतकी वर्षं आजोबाच बसत आले होते. या वेळी त्यांनी भिंगरीला टोपलीशेजारी बसवलं आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "तू मार."

"मी? माझी हाक कुठं तुमच्यासारखी आहे!"

"तुझी तुझ्यासारखी."

भिंगरीने हाक मारली. थी थी अशी दोनतीनदा केली आणि स्वतःच हसली. "कसंतरीच वाटतं हो, आजोबा. अंड्यांशी काय बोलायचं?" मग तिला सुचलं. "तुमचीच हाक लावते ना! ती आहे की फोनमध्ये. अंड्यांना तुमचाच आवाज मिळेल."

आजोबांना ते पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. फोनमधून आपला तरणाताठा आवाज निघाला, खोलीच्या कुडाला लागून परत आला, आणि त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. असा होतो आपण! ते दाराशी भिंतीला टेकून बसले. सून तळ्यापलीकडे शेतावर कामाला गेली होती. दुपार उतरत होती. छपराच्या भोकांतून उन्हाची नाणी टोपलीवरच्या गोधडीवर पडली होती आणि सावकाश सरकत होती.

हाक छोटी होती. ती संपली की फोन आपला आपण पुढचं काहीतरी सुरू करी. पुढचं म्हणजे बहुतेक सर. भिंगरीने पहिल्या दिवशी दोनचारदा पुन्हा हाक लावली. मग सर सुरू झाले ते राहू दिले. परीक्षा जवळ होती. अभ्यासही होईल आणि अंड्यांना आवाजही होईल, असं ती स्वतःशीच म्हणाली.

"लक्ष इकडे, बाळांनो! आज आपण त्रिकोण पाहणार आहोत..."

आजोबांना हे दिसत नव्हतं असं नाही. उठून सांगावं असं त्यांना वाटलंही. पण सरांचा आवाज इतका मऊ होता, तुसाची ऊब इतकी, की त्यांची मान छातीवर आली. सर एक कागदी त्रिकोण घेत होते, त्याचे तीन कोपरे फाडत होते, ते कोपरे एकमेकांना चिकटून ठेवत होते. आजोबांच्या गुंगीत तो त्रिकोण बदक झाला, पाण्यावरून निघाला, आणि पाण्यावर मागे दोन रेघा उमटत गेल्या. जाग आली तेव्हा सर पुन्हा पहिल्यापासून सांगत होते, आणि भिंगरी टोपलीला पाठ टेकून शांत झोपली होती. असे ते दिवस गेले.

*

पिल्लं निघाली ती एका पहाटे. सुनेने गोधडी काढली तर तुसावर ओली, गोळामोळा पिवळी पिल्लं धडपडत होती. दुपारपर्यंत वाळून त्यांचे कापसाचे गोळे झाले. टोपलीभर झाले, टोपलीबाहेर झाले.

आजोबांनी भिंगरीला खूण केली. तिने फोनवर हाक लावली. "थीऽऽ थी थी थी, आवोऽऽ!"

पिल्लं आपापल्या नादात. एक पाण्याच्या ताटलीत पडलं. एकाने सुनेच्या पायाच्या अंगठ्याला चोच मारली.

"लहान आहेत अजून," सून म्हणाली. मग तिने स्वतः हाक मारून बघितली, काठी आपटून बघितली. एकानेही मान वळवली नाही.

संध्याकाळी ओसरीवर भिंगरी अभ्यासाला बसली. तिने धडा लावला. "लक्ष इकडे, बाळांनो! लक्ष इकडे!"

खोलीतून आवाज आला, वाळलेली पानं वाऱ्याने लोटावीत तसा. उंबऱ्यावरून पिल्लांचा लोंढा आला. एकमेकांच्या अंगावरून पडत, उताणी होत, पुन्हा उठत सगळी भिंगरीच्या मांडीवर चढली, आणि फोनसमोर मान वर करून गोल करून उभी राहिली. सर म्हणाले, "शाब्बास!"

सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "अगं बाई! ही तर शाळेत चालली!"

भिंगरीही हसली. मग दोघींचं लक्ष आजोबांकडे गेलं. ते हसत नव्हते. ते रिकाम्या होत चाललेल्या तळ्याकडे बघत होते. सून उठली, तिने पदर खोचला.

"भिंगरे," ती हळू आवाजात म्हणाली, "तू अंड्यांपाशी काय लावलं होतंस?"

भिंगरीने धडा बंद केला. आजोबांनी सुनेकडे पाहून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मीही होतो तिथे, असं.

*

तळं अजून महिनाभर टिकलं असतं. नंतर पिल्लांना मोठ्या तलावावर न्यायला हवं होतं. तो तलाव कोरड्या नदीच्या पलीकडे, मैलभर गोट्यांमधून. तिथे कोळ्यांची एक झोपडी रिकामी होती, पाऊस येईपर्यंत तिथे राहता आलं असतं. टोपल्यांत कोंडून नेली तर पिल्लं उन्हाने गुदमरतात. चालतच न्यायला हवीत. आणि पोचल्यावर तरी काय? तलावाला कुंपण नसतं. सकाळी सोडलेला कळप संध्याकाळी हाकेवर आला नाही, तर तो गेलाच. दुसरी अंडी कुठून येणार नव्हती. सुनेच्या भावाने जी दिली तीच त्याने पोटाला चिमटा घेऊन दिली होती.

म्हणजे सगळं एका आवाजावर आलं होतं, आणि तो आवाज फोनमध्ये होता.

आजोबांनी पिल्लांना वळवायचा प्रयत्न केला. गोगलगायी ठेचून ओंजळीत धरायच्या आणि बाजूला फोनवर स्वतःची हाक लावायची. पिल्लं येऊन खात आणि निघून जात. हाक त्यांच्या लेखी वाऱ्याचा आवाज होती. भिंगरीने सर लावले की मात्र घर सोडून, पाणी सोडून, तोंडातला घास सोडून धावत. फोन चार्ज करायला ती रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाई, त्याच्या टपरीवर उन्हावर वीज करणारी पाटी होती. एकदा चार्ज झाला का बघायला त्याने फोन सुरू केला, तर सर बोलायला लागले आणि आजोबांजवळचा सगळा कळप रस्ता ओलांडून त्याच्या टपरीत शिरला, मागोमाग आजोबा. ट्यूबमधली हवा तपासायच्या पाण्याच्या घमेल्यात चार जण पोहायला लागले.

"मामा," पंक्चरवाला आजोबांना म्हणाला, "यांची फी भरा बरं का. फुकट शिकतायत."

टपरीवरची माणसं हसली. "यंदा पास होतील का?" एकाने विचारलं. "भिंगरीपेक्षा हुशार आहेत म्हणे," दुसरा म्हणाला. भिंगरीने मान खाली घालून घमेल्यातून एकेक पिल्लू उचललं. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या. पूर्वीची भिंगरी असती तर तिने पंक्चरवाल्याच्या बापापर्यंत जाऊन उत्तर दिलं असतं. आजोबा वाट बघत राहिले.

त्याच आठवड्यात शाळेच्या बाई घरी आल्या. सायकल झाडाला लावून त्या ओसरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, पिल्लांना बघून खूप हसल्या. मग भिंगरीला जवळ बोलावलं.

"त्रिकोणाचा धडा बघितलास का गं?"

"हो बाई. खूपदा."

"यांनीसुद्धा बघितलाय," आतून आई म्हणाली.

"मग सांग बरं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती?"

भिंगरी विचार करू लागली. तिच्या डोळ्यांसमोर सरांचे हात आले, खडू आला, मागे वाजणारं संगीत आलं. आकडा आला नाही.

"कागदाचे कोपरे फाडतात बघ त्यात," बाईंनी आठवण दिली. "तू फाडून बघितलेस?"

भिंगरी चकित झाली. "सरांनी फाडले ना, बाई."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा आवाज ऐकून किती दिवस झाले गं! वर्गात पहिल्या बाकावर बसून माझं डोकं उठवायचीस. आता मी विचारते नि तू मान हलवतेस." मग सायकलवर बसता बसता त्या आजोबांना म्हणाल्या, "माझंही तसंच झालंय हो, आजोबा. फोनवर प्रश्न टाकते आणि तिकडून अंगठे येतात."

*

निघायचा दिवस उजाडायच्या आत निघाले. सून पुढे, डोक्यावर भांडी आणि अशक्त पिल्लांची एक टोपली. मध्ये भिंगरी, हातात फोन. तिच्यामागे कळप. आता पिल्लांना पंखांच्या जागी काट्यांसारखी पिसं फुटू लागली होती, मान लांब झाली होती. सगळ्यात मागे आजोबा, चिंधीची काठी घेऊन.

नदीत उतरले तेव्हा गोटे थंड होते आणि धुकं गुडघ्यापर्यंत होतं. धुक्यात कळप दिसत नव्हता, नुसता त्याचा आवाज होता. शेकडो पायांची ओली फटफट, आणि पुढे सर. "त्रिकोणाला तीन बाजू असतात..." आजोबांना वाटलं, नदी पुन्हा वाहते आहे आणि आपण तिच्यातून चाललो आहोत, पाणी पिवळं आहे आणि त्याला चोची आहेत. अशीच सगळी वाट गेली असती तर किती बरं झालं असतं.

पण नदी रुंद होती आणि पिल्लं पिल्लांसारखी चालत होती. खड्ड्यात उरलेलं चूळभर पाणी दिसलं की थांबायची. ऊन वर आलं. धुकं उठून गेलं आणि गोटे तापू लागले. सून बरीच पुढे गेली होती. तिला डोक्यावरचं ओझं घेऊन थांबणं शक्य नव्हतं. ती पलीकडच्या काठावर एका वठलेल्या झाडाखाली ठिपक्याएवढी दिसत होती.

नदीच्या मधोमध सर थांबले.

भिंगरीने फोन हलवला. तो तिच्या हाताला भाजत होता. पडद्यावर कसलीशी खूण आली, मग काळोख. "तापला," ती म्हणाली. "आजोबा, फोन तापून बंद पडला!" तिने त्याला ओढणीने वारा घातला, फुंकर मारली, बटण दाबून धरलं. काही नाही.

कळप क्षणभर जागीच उभा राहिला. मग एक पिल्लू डावीकडे गेलं. दोनचार उजवीकडे. नदीच्या त्या पांढऱ्या उजेडात पिवळं पाणी सगळीकडे सांडत निघालं. चोची उघड्या पडल्या, पिल्लं धापा टाकू लागली. वर एक घार आली. तिची सावली गोट्यांवरून फिरली तशी पिल्लं चिरकली आणि आणखी पांगली.

आजोबांनी काठी फिरवली. एका बाजूने वळवली तर दुसऱ्या बाजूने गेली. त्यांनी तोंड उघडलं, छाती भरून घेतली, आणि हाक मारली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून मारली. गळ्यातून वारा आला. नुसता वारा. घसा आतून सोलल्यासारखा झाला आणि ते खोकत वाकले.

भिंगरी रडायच्या बेताला आली होती. "आईला बोलावू? सावलीत ठेवू का फोन? सावली कुठाय इथं?"

आजोबांनी तिच्या हातातून फोन घेतला, उन्हासाठी डोक्यावर घेतलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. मग तिच्या गळ्यावर बोट ठेवलं.

"तू म्हण."

"काय म्हणू?"

"सर म्हणतात ते."

"मला कुठं येतं!"

घारीची सावली पुन्हा गोट्यांवरून गेली.

"लक्ष इकडे," भिंगरी म्हणाली. कुणाला ऐकूही गेलं नसेल. मग मोठ्याने. "लक्ष इकडे, बाळांनो!"

जवळच्या काही पिल्लांनी मान वर केली. आवाज तो नव्हता, शब्द मात्र तेच होते, तोच चढ, तोच उतार. भिंगरी पुढे बोलणार तोच आजोबांनी तळहात वर केला. थांब.

ती थांबली. आणि त्या शांततेत कुठून तरी एक बारीक आवाज आला. मग दुसरा. पिल्लं विचारत होती. भिंगरीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आजोबांनी पुढे अनेकदा आठवलं. सर कधी थांबत नसत, त्यामुळे पिल्लं उत्तर देतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

"लक्ष इकडे, बाळांनो! आज आपण त्रिकोण पाहणार आहोत. त्रिकोणाला... त्रिकोणाला..." ती अडली. पिल्लं चुळबुळली.

"तीन बाजू," आजोबांच्या घशातून वारा आला. दुपारच्या इतक्या डुलक्यांमध्ये काही ना काही मुरलंच होतं.

"तीन बाजू असतात! तीन कोन असतात! कसे? हे बघा." ती उलटी चालू लागली, तोंड कळपाकडे, पाठ तलावाकडे, गोट्यांवर ठेचकाळत. "ती वर घार आहे ना, मेली, तो एक कोन. तिकडे आई उभी आहे झाडाखाली, तो दुसरा. आणि आपण इथं, उन्हात मरायला आलोय, तो तिसरा. कळलं का?" थांबली. चिवचिव आली. "काय कळलं? ए जाड्या, तू सांग. मागचे, बोलू नका. घारीकडे बघू नका, माझ्याकडे बघा. आता आपण चालतोय म्हणजे काय होतंय? आपण आईच्या जवळ जातोय, बाजू लहान होतेय. बाजू लहान झाली तर कोनांचं काय होईल?"

हे सरांनी सांगितलं नव्हतं. आजोबा मागून काठी टेकत चालले होते, आणि ऐकत होते. डावीकडून पिल्लं आली, उजवीकडून आली. सांडलेलं पिवळं पाणी पुन्हा एका धारेत लागलं आणि त्या मुलीमागून निघालं. तिचा आवाज बसत चालला होता, केस कपाळाला चिकटले होते, टाच एका ठिकाणी फुटली होती, आणि तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. मध्येच थी थी करायची, मध्येच पंक्चरवाल्याला त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर देऊन टाकायची. "फी मागतोय मेला! स्वतः पहिलीत तीनदा बसला!" आजोबांना हसू आलं. हसल्याने घसा दुखला.

*

तलावाचा वास आधी पिल्लांना आला. मग कुणाचं लक्ष कुणीकडे राहिलं नाही. सगळा कळप भिंगरीच्या पायांमधून, बाजूने, अंगावरून धावत उतारावरून गेला आणि पाण्यात पडला. पाण्याने सगळ्यांना एकदम उचललं. इतका वेळ ठेचाळत, फेंगडत चाललेली ती पोरं क्षणात गुळगुळीत झाली.

सून झोपडीची कडी काढून आत झाडू मारत होती. "आलात का?" ती ओरडली. "कोण एवढं बोलत होतं गं? मला वाटलं शाळाच येतेय."

भिंगरी काठावर बसली होती. तिने पाणवेलीचं एक मोठं पान तोडलं, त्याचा नखाने त्रिकोण केला. तीन कोपरे फाडले. ओल्या वाळूवर ते टोकाला टोक लावून ठेवू लागली. एक. दुसरा त्याला चिकटून. तिसरा. मग ती तशीच बघत राहिली. तीन कोपऱ्यांची खालची कड एकदम सरळ झाली होती, समोरच्या पाण्याच्या पलीकडच्या काठासारखी.

"आजोबा," ती म्हणाली. आवाज पुरता फुटला होता. "हे खरंच होतं."

आजोबा तिच्याशेजारी वाकून बघत होते. तेवढ्यात त्यांच्या खिशातून गोड, भरदार आवाज आला. फडक्यात फोन थंड झाला होता. "लक्ष इकडे, बाळांनो! तर त्रिकोणाला तीन बाजू असतात..."

पाण्यावर सगळ्या माना एकदम वर झाल्या. आजोबांनी खिसा हाताने दाबून धरला.

भिंगरीने मान वर केली नाही. ती वाळूतल्या कोपऱ्यांकडेच बघत होती. "बंद करा त्यांना, आजोबा," ती म्हणाली. "सर अजून बाजूंवरच आहेत. आम्ही पुढे गेलो." मग पाण्याकडे तोंड करून, फुटक्या आवाजात: "थीऽऽ थी थी! बाळांनो, कोपरे बघायला या!"

ती थांबली. माना इकडे वळल्या, तिकडे वळल्या. मग पाण्यावर रेघा उमटल्या, आणि रेघा भिंगरीकडे यायला लागल्या.

आजोबांना फोन बंद करता येत नव्हता. इथे दाबलं, तिथे दाबलं. सर अधिकच मोठ्याने बोलू लागले. वर्गात व्यत्यय नको म्हणून ते उठले आणि काठाकाठाने दूर चालत गेले, वेताच्या झुडपांपर्यंत. तिथे एका दगडावर बसले. सरांना कुणी ऐकणारं नसावं हे त्यांना बरं वाटेना. बिचाऱ्यांनी केवढ्या तन्मयतेने शिकवलं होतं.

पायाशी काहीतरी हललं. एक पिल्लू त्यांच्यामागून आलं होतं, सगळ्यात बारकं, एका डोळ्याने त्यांच्या खिशाकडे बघणारं. दोघांनी मिळून धडा शेवटपर्यंत ऐकला. सर म्हणाले, "शाब्बास," आणि फोनची बॅटरी संपून गप्प झाले.

पिल्लू खिशाकडे बघत राहिलं. तिथून काहीच येईना.

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं, सून आपल्याकडे बघत नाही ना याची खात्री केली, मग खाली वाकले. अगदी हळू, पानावरून वारा जावा इतकं हळू, ते म्हणाले, "थी."

आणि थांबले.